लांब काठी आणि नेमकं शिसं: नागपूरच्या तलावांवर जिगिंगची जुळवाजुळव

गळाच्या मासेमारीत बहुतेक जण जिगिंगची सुरुवात चुकीच्या टोकाने करतात. आधी काठी विकत आणतात, मग तिला झेपेल असं शिसं शोधतात आणि शेवटी ते शिसं चालेल असा काठ धुंडाळत फिरतात. क्रम उलटा केला की मनगट वाचतं. आधी काठ पाहायचा, त्या काठाला किती शिसं लागतं ते ठरवायचं आणि मग दोन्ही मिळून काठी निवडायची.

जिगिंग म्हणजे रबरी आमिषाला शिसं जोडून ते तळावर टेकवत, पायऱ्या उतरल्यासारखं आपल्याकडे आणणं. इथे गिऱ्हाईक कोण, तर शिवडा, शिंगाडा मासा आणि थंडीत खोलात उतरलेली मरळ. मरळीसाठी एरवी वनस्पतीवरून ओढायचा रबरी बेडूकच बरा. ती हवेतला श्वास घेणारी, उथळात पडून राहणारी. जिग तिला तेव्हाच दाखवावी जेव्हा ती वर येत नाही.

परवानगीचं एकदाच सांगतो. तलावाचा ठेका मच्छीमार संस्थेकडे असेल तर आधी त्यांना विचारायचं. तोतलाडोह व्याघ्र प्रकल्पातला, तिकडे गळ न्यायचाच नाही. आणि शिंगाड्याची वेल लावलेला तुकडा दिसला की तिथे फेक नाही. ती कुणाची तरी शेती आहे.

काठ बघायचा म्हणजे काय? मातीच्या धरणाच्या पाण्याकडच्या अंगाला दगडी पिचिंग, म्हणजे रचलेल्या दगडांचं अस्तर, असतं. शिसं या दगडांच्या फटीत अडकतं, तेही आमिष अगदी पायाशी आल्यावर, कारण तोवर लाइन उताराला जवळजवळ समांतर झालेली असते. दुसरा प्रकार काळ्या गाळाचा उथळ काठ. तिथे शिसं बुडतं आणि आमिष चिखलाचा गोळा होऊन येतं. तिसरा प्रकार म्हणजे बेशरम. पाणी चढलं की काठावरच्या बेशरमाची झुडपं पाण्यात उभी राहतात आणि पाणी उतरलं तरी त्यांचे सांगाडे तळाशी असतातच. एप्रिल-मेमध्ये तलाव आटतो तेव्हा मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत. कुठे खडक, कुठे जुन्या नाल्याचं पात्र, कुठे बेशरमाची रांग, हे पुढच्या डिसेंबरात सोन्यासारखं उपयोगी पडतं. मासा बहुधा त्या जुन्या पात्राच्या कडेलाच असतो.

आता शिसं. पेटीत ७, १०, १४, १८ आणि २१ ग्रॅम एवढी पाच वजनं असली की नागपूरच्या कुठल्याही तलावावर काम भागतं. दोन-तीन मीटर पाण्याला ७ ते १०, चार ते सहा मीटरला १४, आणि समोरून वारा असेल तर १८ किंवा २१. पण हा फक्त पहिला अंदाज. खरी कसोटी घड्याळावर होते. आमिष तळाला टेकलं की रीलची मूठ दोन-तीन वेळा फिरवायची, थांबायचं आणि पुन्हा टेकेपर्यंत मोजायचं. हे पडणं दोन ते तीन सेकंदांचं हवं. दीड सेकंदाच्या आत टेकत असेल तर शिसं जड आहे. चार-पाच सेकंद लागत असतील तर हलकं आहे, किंवा वारा लाइनला पोटात घेऊन आमिष उचलून धरतोय.

इथे एक गैरसमज कायम दिसतो. १० ग्रॅमचं २० ग्रॅम केलं म्हणजे आमिष दुप्पट वेगाने बुडेल असं वाटतं. तसं होत नाही. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे आमिष तेच ठेवून वजन दुप्पट केलं तर वेग फार तर १.४ पट होतो. शिशाचा गोळाही मोठा होतो, म्हणून प्रत्यक्षात त्याहूनही कमीच. पडणं खरंच लवकर हवं असेल तर आमिषच बारीक घ्या, चार इंचीऐवजी तीन इंची, किंवा शेपटीचं चपटं पातं कापून टाका. लाइन बारीक करणं हाही तितकाच मोठा उपाय. पीई हा विणलेल्या (ब्रेड) लाइनच्या जाडीचा क्रमांक. पीई १.५ ची जाडी ०.२ मिलिमीटरच्या आसपास, पीई ०.८ ची ०.१५ च्या आसपास. वाऱ्यात हा फरक एका पायरीच्या शिशाएवढा जाणवतो.

काठावरचा एक ढीवर २१ ग्रॅमचा गोळा बघून म्हणाला होता, "भाऊ, एवढं वजन कायले लावता? गाळात घुसते ना ते." बरोबरच होतं. गाळात जड शिसं हे दुहेरी नुकसान. एक तर ते रुततं, आणि उचलताना जो झटका बसतो तो मासा लागल्यासारखा वाटून माणूस दिवसभर चिखलालाच हुक मारत बसतो.

टंगस्टनचं काय? १४ ग्रॅमचा शिशाचा गोळा सुमारे १३ मिलिमीटर व्यासाचा, तेवढ्याच वजनाचा टंगस्टनचा ११ ते साडेअकरा मिलिमीटरचा. आकार लहान म्हणून थोडं लवकर बुडतं, कडक म्हणून दगडावरची टकटक काठीत चांगली येते. महाग आहे आणि पिचिंगवर ते हरवणं खिशाला लागतं. गाळाच्या काठाला मात्र त्याचा फायदा शून्य. ब्रिटनमध्ये १९८७ पासून ०.०६ ते २८.३५ ग्रॅमच्या दरम्यानचं गळाचं शिसं विकायला बंदी आहे, कारण ते गिळून राजहंस मरत होते. आपल्याकडे अशी बंदी नसली तरी तुटकं शिसं काठावर टाकून येऊ नये. बदकं आपल्याकडेही खडे टिपतातच.

घरी शिसं ओतणाऱ्यांसाठी थोडं. चाकाला लावायची जुनी बॅलन्सिंग वजनं वितळवतात, पण त्यातली बरीच हल्ली जस्ताची असतात. शिसं ३२७ अंशांना वितळतं, जस्त ४२० च्या जवळ. म्हणून आच आवरती ठेवली की जस्ताचे तुकडे वर तरंगतात, ते चिमट्याने काढून टाकायचे. आच वाढवून ते मिसळू दिलं तर ओतकाम साच्यात नीट भरत नाही. साचा किंवा तुकडा ओला असेल तर पाण्याची क्षणात वाफ होऊन वितळलेलं शिसं उडतं. म्हणून पावसाळ्यात हे काम नको, स्वयंपाकघरात तर कधीच नको. उघड्यावर, बूट-चष्मा घालून, आणि ते भांडं पुन्हा जेवणाला वापरायचं नाही.

जोडणीचे प्रकार बरेच आहेत, पण तिघांवर भागतं.

पहिला, आणि माझ्या मते नव्वद टक्के वेळा पुरेसा, म्हणजे कान असलेलं सुटं शिसं. बाजारात याला रशियन नावाने चेबुराश्का म्हणतात. शिशाच्या गोळ्यातून एक तार आरपार जाते आणि दोन बाजूंना तिचे दोन कान होतात. तार ओढून बाहेर काढायची, तिच्या कानात गळाचं नाकं ओवायचं, तार परत दाबून बसवायची. एका कानाला गळ, दुसऱ्याला स्नॅप, म्हणजे लाइनच्या टोकाची उघडमिट होणारी कडी. साध्या जिगहेडमध्ये शिसं आणि गळ एकाच ओतीव तुकड्यात असतात. इथे सांधा मोकळा असल्यामुळे आमिष तळाशी हलत राहतं, मासा तोंडात घेताना शिशाचा गोळा आड येत नाही, आणि काठावर दहा सेकंदांत वजन बदलता येतं. बिघाड होतो तो तारेत. ओढाताण करून अडकलेलं सोडवलं की तार थोडी सरकते. दर सुटकेनंतर बोटाने कान दाबून पाहा. ढिला वाटला तर ते शिसं दिवसापुरतं बाद. मोठा शिवडा लागल्यावर तार निसटून आली तर मासा आणि गळ दोन्ही जातात.

या शिशाला ऑफसेट गळ, म्हणजे नाक्याजवळ पायरीसारखा वाकवलेला गळ, लावला की बेशरमाच्या काड्यांतून बरंचसं निभावतं. तीन ते चार इंची आमिषाला २/० किंवा ३/० मापाचा. गळाचं टोक आमिषाच्या नाकात ५ ते ७ मिलिमीटर घालायचं, खालून बाहेर काढायचं, गळ नाक्यापर्यंत ओढून अर्धा फिरवायचा. मग गळ आमिषाच्या कडेला लटकता धरून त्याचा वाक कुठे येतो ती जागा नखाने खूण करायची, आणि टोक तिथूनच आरपार काढून पाठीला लपवायचं. खूण न करता अंदाजे टोचलं तर आमिष ताणलं जातं किंवा त्याला पोक येतं. पोक आलेलं आमिष पाण्यात फिरकीसारखं गरगरतं आणि अर्ध्या तासात लाइनला पीळ बसतो. तयार झाल्यावर दोन बोटांत लटकवून समोरून पाहा. सरळ रेघ दिसली पाहिजे.

दुसरा ड्रॉपशॉट. गाळाचा काठ असेल तर हाच. गळ पालोमार गाठीने बांधायचा, गाठीचं उरलेलं टोक ३० ते ५० सेंटिमीटर ठेवायचं आणि ते गळाच्या टोकाकडच्या बाजूने नाक्यातून परत ओवायचं म्हणजे गळ आडवा, टोक वर करून उभा राहतो. शिसं अगदी खाली. ते चिखलात गेलं तरी आमिष वर स्वच्छ राहतं. ओवायचं विसरलं तर गळ खाली लोंबतो, आणि ही चूक इतकी होते की मी आता गाठ बांधून झाल्यावर आधी गळ कुठे बघतोय ते पाहतो.

तिसरा, लांब फाट्याची जोडणी. तिहेरी स्विव्हलच्या, म्हणजे तीन कड्यांच्या फिरत्या जोडाच्या, एका कडीला लाइन, दुसरीला १५ ते २५ सेंटिमीटरवर शिसं, तिसरीला ६० सेंटिमीटर ते एक मीटरचा फाटा आणि त्याला गळ. शिशाचा तुकडा मुद्दाम कमजोर लाइनवर बांधायचा, ०.२२ ते ०.२५ मिलिमीटर मोनोवर, म्हणजे एकतारी नायलॉनवर. पिचिंगात अडकलं तर फक्त शिसं तुटतं. आणि इथेच काठीची लांबी पहिल्यांदा आड येते. एक मीटर फाटा ७ फुटी काठीच्या टोकाखाली लोंबकळत ठेवला की मागे झोका घेताना गळ जमिनीला किंवा पँटला लागतो. ९ फुटी काठीला तोच फाटा सहज झेपतो.

तर लांब काठी. लोक ती लांब फेकीसाठी घेतात. फेक वाढते, पण लांबीच्या प्रमाणात नाही. लांब काठी तितक्याच चपळाईने फिरवता येत नाही. खरा फायदा पिचिंगवर. हात कमरेच्या वर, साधारण १.१ मीटरवर, आणि काठी ४५ अंशांत उभी धरली तर ७ फुटी, म्हणजे २.१ मीटर काठीचं टोक जमिनीपासून सुमारे २.३ मीटरवर असतं. ९ फुटी २.७ मीटरच्या काठीचं २.७ च्या पुढे. हे चाळीस सेंटिमीटर ऐकायला थोडे वाटतात, पण शेवटच्या सात-आठ मीटरांत आमिष दगडांवरून उचलून घ्यायला तेच कामी येतात. टोक जितकं उंच तितकी लाइन दगडांना घासत नाही.

माझा हिशेब असा. दगडी पिचिंग किंवा काठाला वनस्पतीचा पट्टा असेल तर ८ ते ९ फूट. होडीतून किंवा झाडाखालून ७ फूट. दहा फुटी काठी इथल्या तलावांवर मला कधी गरजेची वाटली नाही. ती वारा खूप पकडते आणि हलका ठोका कळायचा राहतो.

काठीवर टेस्ट, म्हणजे तिने किती वजन फेकायचं ते, लिहिलेली असते, उदाहरणार्थ ७ ते २८ ग्रॅम. यात आमिषही धरायचं हे बरेच जण विसरतात. १४ ग्रॅम शिसं, पाच ग्रॅम आमिष, एक ग्रॅम गळ, म्हणजे २०. वरच्या आकड्याच्या दोन तृतीयांशाच्या आसपास काठी सर्वांत छान वागते, तेव्हा ही जोडी बरोबर. त्याच काठीवर २१ ग्रॅम शिसं आणि सात ग्रॅम आमिष लावून जोरात फेकलं तर काठी शेवटच्या मर्यादेवर आहे.

आता आराम. हात दुखतो तो काठीच्या वजनाने नाही, वजन हातापासून किती दूर आहे त्याने. समजा ९ फुटी काठी १६५ ग्रॅमची आहे, बुडख्यापासून १०० सेंटिमीटरवर तिचा तोल येतो आणि रीलची टाच, म्हणजे रील काठीला जोडणारा दांडा, ३८ सेंटिमीटरवर. फरक ६२. १६५ गुणिले ६२ म्हणजे सुमारे १०,२०० ग्रॅम-सेंटिमीटर. मुठीपासून १० सेंटिमीटरवर एक किलो टांगून सकाळभर उभं राहिल्यासारखं. यावर दुकानात हमखास सांगतात, जड रील घ्या, तोल येईल. रील तर हाताखालीच असते. तिचं वजन वाढवून तो भार जवळजवळ कमी होत नाही, उलट हातात शंभर ग्रॅम जास्त येतात. वजन लावायचंच तर बुडख्याला. दहा रुपयांचं नाणं ७.७ ग्रॅमच्या आसपास. पाच नाणी एकावर एक रचून बुडख्याच्या टोपीवर इलेक्ट्रिशियनच्या टेपने गुंडाळली की ३८ ग्रॅम होतात आणि भार साधारण चौदा टक्क्यांनी कमी होतो. पण काठी आडवी न धरता ४५ अंशांत उभी धरली तर काहीही न लावता तीस टक्के कमी होतो. म्हणून आधी धरण्याची सवय बदला, नाणी नंतर.

बुडखाही मापून घ्या. रीलची टाच मधल्या आणि अनामिकेच्या मध्ये धरली की बुडख्याचं टोक कोपराच्या दोन ते चार सेंटिमीटर पुढे जावं. मग काठी मनगट ते कोपर या भागाला खालून टेकते आणि मनगट सुटतं. जास्त लांब असेल तर जॅकेटात अडकतं, तोकडं असेल तर सगळा भार मनगटावर. दुकानात स्वतःची रील घेऊन जा, ती लावून तीन मिनिटं काठी धरून उभे राहा. तिसऱ्या मिनिटाला खरं कळतं. गाइडच्या कड्यांतून कापूस फिरवा. तंतू अडकला तर कडीला तडा आहे आणि ब्रेड लाइनला ती करवत होणार.

रील २५०० किंवा ३००० मापाची, ५.२ ला १ दात-प्रमाण, पीई ०.८ ते १. पुढे ०.३० ते ०.३५ मिलिमीटरचा फ्लोरोकार्बन लीडर, म्हणजे लाइन आणि आमिष यांच्या मधला जाड तुकडा, ६० ते ८० सेंटिमीटर. शिवड्याची शक्यता असेल तर ०.४५ च्या वर, कारण त्याचे बारीक दात कानशीसारखे चालतात.

फेकल्यावर बेल, म्हणजे रीलवरची तारेची कमान, हाताने बंद करायची आणि लाइनला एक टिचकी द्यायची, मगच गुंडाळायचं. हे टाळलं तर पहिला वेटोळा सैल बसतो आणि तीन-चार फेकींनंतर गुंता होतो, ज्याला सगळे वाऱ्याचा दोष समजतात. मग नजर काठीच्या टोकावर. शिसं पडत असताना टोक किंचित वाकलेलं असतं, तळाला टेकलं की ते मान डोलावून सरळ होतं. मोजणीच्या आधीच टोक सरळ झालं किंवा लाइन बाजूला सरकली तर विचार करू नका, हुक मारा. मासा पडतानाच घेतो. नुसती टकटक जाणवायची वाट पाहिली तर निम्मे तिथेच निसटतात.

लांब काठ्या तुटतात त्या लढाईत नाही, पायाशी. मासा जवळ आला की माणूस काठी डोक्यावरून मागे नेतो, टोकाला तीव्र वाक बसतो आणि वरचा तुकडा जातो. काठी उभी झाली की दोन पावलं मागे सरका आणि जाळी लावा.

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल कुणी बोलत नाही. कार्बन वीज वाहतो. कालव्याच्या किंवा तलावाच्या कडेने ११ केव्हीची तार जात असेल तर काठी जोडून त्या खालून चालायचं नाही, तुकडे करून न्यायची. जून-सप्टेंबरात गडगडाट ऐकू आला की काठी खाली ठेवून गाडीत बसायचं. विदर्भात वीज पडून माणसं मरतात, आणि नऊ फुटी कार्बन घेऊन मोकळ्या बांधावर उभं राहण्याइतकी वाईट जागा नाही.

परतताना सांधा अडकला तर पिळू नका. काठी गुडघ्यांमागे आडवी धरून, हात गुडघ्यांच्या बाहेरून घेऊन, गुडघे उघडत सरळ रेषेत ओढा, सुटते. आमिषं वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा. पीव्हीसीचं आमिष आणि ताणणारं इलास्टोमरचं एका खणात राहिलं की एकमेकांना वितळवतात. आणि नागपूरच्या मे महिन्यात तो डबा गाडीच्या डिकीत विसरला तर संध्याकाळी सगळी पेटी चमच्याने काढावी लागते.